घोट्याचं हाड वाचायला शिकूया: जुन्या सस्तन प्राण्यांचे जीवाश्म, अगदी शून्यापासून

जीवाश्म म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर डायनासोरची कवटी येते, फार तर एखादा मोठा दात. सस्तन प्राण्यांचा सुरुवातीचा इतिहास मात्र उंदराएवढ्या, चिचुंद्रीएवढ्या जीवांचा आहे आणि त्यांचे अख्खे सांगाडे क्वचितच मिळतात, मिळतात ते सुटे दात आणि नशीब चांगलं असेल तर घोट्यातली दोन छोटी हाडं. दातांवरून तो प्राणी काय खात होता ते कळतं, घोट्यावरून तो जमिनीवर पळत होता की झाडावर चढत होता ते कळतं, आणि नीट बघता आलं तर तो कोणाचा नातेवाईक होता हेसुद्धा. या विषयाची सुरुवात करायला ना लॅब लागते ना मायक्रोस्कोप, ठाण्यात घरी बसून पुष्कळ शिकता येतं, फक्त क्रम बरोबर हवा. लोक आधी लॅटिन नावं पाठ करायला घेतात आणि दोन दिवसांत कंटाळतात, म्हणून आपण नावांच्या आधी हाड घेऊ.

आधी स्वतःचा घोटा

खुर्चीत बसा, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि घोटा दोन्ही बाजूंनी बोटांत धरा. आतल्या बाजूचा उंचवटा हा नडगीच्या हाडाचं खालचं टोक आणि बाहेरचा उंचवटा हा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचं टोक. म्हणजे आपण ज्याला घोटा म्हणतो ते दोन्ही उंचवटे पायाच्या पंजाचे नाहीतच, ते वरून खाली आलेले आहेत, आणि त्या दोघांच्या मध्ये जे हाड घट्ट बसलंय त्याचं नाव ॲस्ट्रागॅलस. डॉक्टर माणसाच्या बाबतीत त्याला टॅलस म्हणतात, हाड तेच. त्याच्या खाली टाचेचं हाड, कॅल्केनियस. माणसाच्या या भागात एकूण ७ हाडं असतात पण जीवाश्मांसाठी सुरुवातीला ही दोनच पुरे.

आता पंजा वरखाली करा. ही हालचाल नडगी आणि ॲस्ट्रागॅलस यांच्यामधल्या वरच्या सांध्यात होते. मग तळवा आत वळवा, बाहेर वळवा, ही हालचाल मुख्यतः ॲस्ट्रागॅलस आणि टाच यांच्यामधल्या खालच्या सांध्यात होते. हे दोन सांधे डोक्यात वेगळे ठेवा, पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे. आणखी एक, माणसाच्या ॲस्ट्रागॅलसला एकही स्नायू जोडलेला नसतो, तो चारी बाजूंनी दुसऱ्या हाडांशी घासत काम करतो, त्यामुळे त्याच्या अंगावर जवळपास सगळीकडे सांध्यांचे गुळगुळीत भाग असतात आणि प्राणी पाय कसा वळवत होता याची नोंद त्या भागांच्या आकारात राहते.

मग मटणवाल्याकडे

मांसाहार करत असाल तर रविवारी मटण आणायला जाल तेव्हा काकांना सांगा की मागच्या पायाचा सांधा हवाय, नळी जिथे संपते आणि पाया जिथे सुरू होतो तो, आणि सत्तूर मारू नका, सुरीने तोडा. हे आवर्जून सांगायचं कारण की सवयीने सत्तूर बरोबर त्याच सांध्यावर पडतो आणि आपल्याला हवं ते हाड दोन तुकड्यांत हातात येतं. गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुपारी एकच्या सुमारास दुकान जरा रिकामं झालं की सांगितलेलं ऐकून घेतात. पुढचा पाय चालणार नाही. बकरीच्या मागच्या पायात मागे निघालेलं जे टोक दिसतं त्याला बरेच जण उलटा गुडघा म्हणतात, ती तिची टाच आहे, बकरी आयुष्यभर टाच वर उचलून बोटांच्या टोकावर चालते.

घरी आणल्यावर मंद आचेवर, नुसत्या गरम पाण्यात, तासदोन तास ठेवा. कुकरच्या शिट्ट्या काढू नका, हाड ठिसूळ होतं. मांस सुटलं की जुन्या टूथब्रशने घासा, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात दोनतीन दिवस ठेवून चरबी काढा, पांढरं हवं असेल तर केमिस्टकडे मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. ब्लीच अजिबात नको, ते हाड आतून खातं आणि काही महिन्यांत भुगा पडायला लागतो.

श्रावण पाळत असाल किंवा मांसाहारच करत नसाल तर काही अडत नाही, शेवटी सांगितलेल्या मोफत थ्रीडी स्कॅनवर हेच सगळं बघता येतं. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी खरं हाड हातात घ्या, बोटाला जे कळतं ते स्क्रीनवर तितकं कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

हाड हातात घेऊन काय बघायचं

बकरीचा ॲस्ट्रागॅलस साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा, चौकोनी, वजनाला आकाराच्या मानाने जड. वरच्या टोकाला कप्पीसारखा आकार दिसेल, दोन कडा आणि मध्ये खोल खाच, नडगीचं खालचं टोक त्यात चपखल बसतं. नडगीचा तुकडा असेल तर जोडून बघा, फक्त पुढेमागे हलतं, बाजूला अजिबात नाही. आता हाड उलटं धरा. खालच्या टोकालाही कप्पी! बहुतेक सस्तन प्राण्यांत खालच्या टोकाला गोलसर डोकं असतं, आपल्यातही तसंच आहे, पण बकरी, गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा या समखुरी प्राण्यांत दोन्ही टोकांना कप्पी असते. या एका लक्षणाने पुढे देवमाशांचा प्रश्न सोडवलाय, त्यावर येऊच.

मंगोलियात मेंढीच्या याच हाडांनी शगाई नावाचा खेळ खेळतात आणि प्राचीन ग्रीस-रोममध्येही ही हाडं फाशांसारखी टाकायचे, चार बाजूंनी चार वेगवेगळ्या तऱ्हेने पडतं म्हणून.

टाचेचं हाड लांबट असतं. त्याच्या मागच्या टोकाला बहुतेक वेळा एक छोटं टोपण सुटून येईल, घाबरू नका, तुटलेलं नाही. बाजारातला बकरा बहुधा कोवळा असतो आणि वाढ पूर्ण होईपर्यंत ते टोपण मुख्य हाडाला जोडलेलं नसतं. जीवाश्मातही असंच बघतात, टोपण जोडलंय का, म्हणजे प्राणी मोठा होता की पिल्लू. या टोकाला पोटरीचा जाड स्नायुबंध येऊन बसतो, त्यामुळे टाच म्हणजे एक तरफ झाली, टोक जितकं लांब तितका जोर जास्त. हाडाच्या मध्यावर आतल्या बाजूला एक छोटा कट्टा बाहेर आलेला दिसेल, त्याचं नाव सस्टेंटॅक्युलम, ॲस्ट्रागॅलस त्याच्यावर टेकून बसतो. हा कट्टा लक्षात ठेवा कारण उत्क्रांतीची गोष्ट मोठ्या प्रमाणात या कट्ट्याची आहे.

बाहेरच्या बाजूने वाटाण्याएवढं एखादं हाड सुटलं तर तेही ठेवा, ते बकरीच्या नडगीशेजारच्या बारीक हाडाचं उरलेलं टोक. आपल्यात जे हाड गुडघ्यापासून घोट्यापर्यंत येतं त्याचं बकरीत जवळजवळ एवढंच राहिलंय.

तुलनेसाठी चिकनचा लेग पीस घ्या. त्याचं खालचं टोक, ज्याला तंदुरीवाले फॉइल गुंडाळतात, तिथेच घोटा. तिथे सुटा ॲस्ट्रागॅलस शोधून सापडणार नाही कारण पक्ष्यांत तो आणि टाचेचं हाड दोन्ही नडगीलाच चिकटून एक झालेत आणि पाय त्याच्या खाली वाकतो, मागे टाचेचं टोकही नाही. डायनासोरांच्यातही ही हाडं नडगीला धरूनच असत. सस्तन प्राण्यांच्या वंशात मात्र ॲस्ट्रागॅलस सुटा राहिला आणि टाच मागे वाढली.

खार खाली उतरताना बघा

ही पायरी कोणी वगळू नका. सकाळी उपवन तलावाच्या बाजूला किंवा येऊरच्या गेटपाशी, नाहीतर तुमच्या सोसायटीतल्या बदामाच्या झाडाखाली उभं राहा आणि खार खाली येते तेव्हा तिच्या मागच्या पंज्यांकडे बघा. ती डोकं खाली करून उतरते आणि तिचे मागचे पंजे पूर्ण मागे वळलेले असतात, नखं वरच्या दिशेने खोडात रुतवून ती अक्षरशः मागच्या पायांवर लटकत येते. मांजराला हे जमत नाही, उंच चढलेलं मांजर शेपटीकडून, उलटं सरकत उतरतं. फरक आहे तो घोट्यात, खारीच्या खालच्या सांध्यात आणि त्याच्या पुढच्या सांध्यात इतकी फिरायची मुभा आहे की तळवा उलटा करता येतो. थोडा वेळ उभं राहायची तयारी ठेवा आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, नुसत्या डोळ्यांनी ते फार पटकन निघून जातं.

आता याचा जीवाश्मांशी संबंध. उत्तर अमेरिकेत सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी टिलोडस नावाचा प्राणी होता, मल्टिट्युबरक्युलेट गटातला. दिसायला खारीसारखा असला तरी खारीशी त्याचं जवळचं नातं नाही, त्या गटाचा आज एकही वंशज उरलेला नाही. १९८३ साली जेंकिन्स आणि क्राउझ या शास्त्रज्ञांनी त्याच्या घोट्याची हाडं एकमेकांवर ठेवून सांधे कुठपर्यंत फिरतात ते बघितलं आणि दाखवून दिलं की हा प्राणी पंजा मागे वळवून डोकं खाली करून झाडावरून उतरू शकत होता. जो गट नाहीसा झालाय तो झाडावरून कसा उतरायचा हे सांगायला त्यांच्याकडे ना पाऊलखूण होती ना दुसरं काही, सांध्यांचे गुळगुळीत भाग होते.

आता काळात मागे जाऊ

हातात बकरीची हाडं आणि डोळ्यासमोर खार असली की पुढचं वाचायला सोपं जातं.

साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचा डायमेट्रोडॉन घ्या, पाठीवर शीड असलेला. खेळण्यांच्या दुकानात तो डायनासोरांच्या पाकिटात मिळतो पण तो आपल्या बाजूचा आहे, सस्तन प्राणी ज्या वंशातून आले त्या वंशातला. त्याच्या घोट्यात ॲस्ट्रागॅलस आणि कॅल्केनियस शेजारी शेजारी, चपटे, फरशीवरच्या दोन लाद्यांसारखे. मागे टाच नाही. पाय बाजूला फाकवून चालणाऱ्या प्राण्याला ते चालून जात होतं.

मग ट्रायासिक काळातले, म्हणजे साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे, सायनोडॉन्ट, सस्तन प्राण्यांच्या वंशातलाच पुढचा गट. यांच्यात कॅल्केनियसला मागे टोक फुटायला लागलं, आणि ॲस्ट्रागॅलस हळूहळू शेजारून उठून कॅल्केनियसच्या वर सरकायला लागला. मॉर्गानुकोडॉन आणि मेगाझोस्ट्रोडॉन हे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे, अगदी सुरुवातीच्या सस्तन प्राण्यांत मोडणारे चिचुंद्रीएवढे जीव, यांच्या सांगाड्यांचं सविस्तर वर्णन जेंकिन्स आणि पॅरिंग्टन यांनी १९७६ मध्ये केलं. यांच्यात टाच स्पष्ट आहे, ॲस्ट्रागॅलस काही प्रमाणात वर चढलाय, पण वरची कप्पी अजून तयार झालेली नाही. म्हणजे नडगी आणि घोटा यांच्यात अजून बरीच ढिलाई होती, खडबडीत जमिनीवर, मुळांवरून, दगडांवरून धावणाऱ्या छोट्या प्राण्याला ती उपयोगीच पडत असणार.

ॲस्ट्रागॅलस पूर्णपणे वर, खाली सस्टेंटॅक्युलमचा कट्टा, पुढे मान आणि डोकं, हा साचा बसला तो पिशवीवाले (कांगारूसारखे) आणि वारेवाले (गर्भ पोटात वारेवर वाढवणारे, आपण त्यातलेच) सस्तन प्राणी ज्या शाखेतून आले तिच्यात. चीनच्या लिआओनिंग प्रांतातला इओमाया, साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा, २००२ मध्ये जाहीर झाला, त्याच्या भोवतीच्या केसांचे ठसेसुद्धा दगडात आहेत, आणि हातपाय चढणाऱ्या प्राण्याचे. खोल खाचेची कप्पी आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे घोट्याचे उंचवटे, जे तुम्ही सुरुवातीला बोटांत धरले होते, ते वारेवाल्या प्राण्यांच्या शाखेत पक्के झाले.

अधेमधे एक विचित्र गोष्ट लागेल ती म्हणजे घोट्याजवळचा काटा. प्लॅटिपस या ऑस्ट्रेलियातल्या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याच्या नराला तिथे विषारी काटा असतो हे माहीत असेल. २००६ मध्ये हुरुम, लुओ आणि किएलान-यावोरोव्स्का यांनी दाखवलं की तशाच काट्याची हाडं मेसोझोइक, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या बऱ्याच वेगवेगळ्या सस्तन गटांत आहेत, म्हणजे हा काटा प्लॅटिपसचा एकट्याचा शोध नसून जुना वारसा असण्याची शक्यता मोठी.

दख्खनचा चिमुकला

इथे मला जरा थांबायचंय कारण हे आपल्या पायाखालचं आहे. येऊरचा डोंगर, मुंब्र्याचा पारसिक डोंगर, हा सगळा काळा दगड दख्खनच्या लाव्हाचा. लाव्हा सलग ओतला गेला नाही, मधे मधे थांबायचा, त्या थांब्यात तळी साचायची, झाडं यायची, प्राणी यायचे आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. या मधल्या थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरातल्या बेडकाच्या जीवाश्माचं वर्णन इंग्लिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच केलं होतं.

तेलंगणात, हैदराबादच्या पश्चिमेला नास्कल नावाचं गाव आहे. तिथल्या इंटरट्रॅपियन थरातून १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक सहानी यांनी डेक्कनोलेस्टिस हा प्राणी जाहीर केला, भारतात सापडलेला क्रेटेशियस काळातला पहिला सस्तन प्राणी, म्हणजे डायनासोर अजून जिवंत होते तेव्हाचा. आधी मिळाले ते दात. अशी हाडं शोधायची पद्धत म्हणजे मातीची पोती भरून आणायची, पाण्यात भिजवून विरघळवायची, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवायची आणि जे उरेल ते वाळवून मायक्रोस्कोपखाली कण न् कण निवडायचं. तसं निवडता निवडता जेमतेम काही मिलिमीटरची घोट्याची हाडं मिळाली आणि १९९४ मध्ये प्रसाद आणि गोडिनो यांनी त्यावर पेपर लिहिला. सुटे दात आणि सुटं हाड एकाच प्राण्याचे कशावरून? आकार जुळतो का बघतात, आणि त्या थरात कोणते दात जास्त सापडतात ते बघतात, सगळ्यात जास्त सापडणाऱ्या दातांच्या मापाचं सगळ्यात जास्त सापडणारं हाड बहुधा त्याच प्राण्याचं. त्या घोट्याचा खालचा सांधा मोकळा फिरणारा होता, झाडावर राहणाऱ्या प्राण्यांसारखा. २०१० आणि २०११ च्या पुढच्या अभ्यासांतही चढणारा प्राणी हेच चित्र राहिलं, तो नेमका कोणत्या शाखेतला यावर मात्र वाद झाला, आधी माकडांच्या दूरच्या शाखेजवळ ठेवला होता, मग जास्त प्राथमिक गटात सरकवला. माझ्या मते नवख्यांनी या वादातून शिकण्यासारखं खूप आहे, प्राणी काय करत होता हे हाड स्वच्छ सांगतं आणि कोणाचा कोण हे सांगायला तेवढं एक हाड पुरत नाही.

अजून जवळ यायचं तर सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइट खाण. तिथून २००८ मध्ये रोझ आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५.३ कोटी वर्षांपूर्वीचा सशाच्या गटातला प्राणी जाहीर केला, आधार काय तर टाचेची आणि घोट्याची हाडं.

काम वेगळं, वारसा वेगळा

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. कोणतंही लक्षण दिसलं की आधी विचारा, हे त्या प्राण्याच्या कामामुळे आलंय की त्याच्या पूर्वजांकडून आलंय. चढणाऱ्या प्राण्यांचे घोटे एकमेकांसारखे दिसतात, टिलोडस आणि खार हे उदाहरण तुम्ही वर बघितलंच. नातं ठरवायला असं लक्षण हवं जे काम बदललं तरी टिकून राहतं.

देवमासा हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. देवमासे मेसोनिकिड नावाच्या मांसाहारी गटातून आले असं दातांवरून बराच काळ मानत होते, डीएनए सांगत होता पाणघोड्यांच्या जवळचे. २००१ मध्ये एकाच आठवड्यात दोन टीमनी पाकिस्तानातून मिळालेल्या जुन्या, पाय असलेल्या देवमाशांचे घोटे जाहीर केले, गिंजरिच यांनी रोडोसिटस आणि आर्टिओसिटसचे, थेविसन यांनी पाकिसिटस आणि इक्थिओलेस्टिसचे. चारही प्राण्यांच्या ॲस्ट्रागॅलसला दोन्ही टोकांना कप्पी! पाण्यात जाणाऱ्या प्राण्याला धावायच्या कप्पीचं काहीच काम नव्हतं, म्हणजे ती पूर्वजांकडूनच आली. तुमच्या हातातलं बकरीचं हाड आणि देवमाशाच्या पूर्वजाचं हाड एकाच नमुन्याचं आहे हे पहिल्यांदा शेजारी ठेवून बघाल तेव्हा जे वाटेल ते मी इथे लिहून सांगू शकत नाही.

पुढची कडी भारतातली. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोटला भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या हयातीत पुरते फोडलेच गेले नव्हते, त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्याकडे सोपवले आणि त्यातून इंडोह्यूस नावाच्या प्राण्याच्या कानाचं हाड बाहेर आलं, देवमाशासारखं जाड. मांजराएवढा, खुराचा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि घोट्यात अर्थातच दुहेरी कप्पी. हे २००७ मध्ये छापून आलं.

पिशवीवाल्यांचंही असंच झालं. फ्रेडरिक झालाय यांनी १९८२ मध्ये नुसत्या घोट्याच्या सांध्यावरून म्हटलं की दक्षिण अमेरिकेतला छोटासा पिशवीवाला प्राणी ड्रोमिसिओप्स हा ऑस्ट्रेलियाच्या कांगारू-कोआलांचा नातेवाईक आहे, तिथल्या शेजारच्या अपोसम या पिशवीवाल्यांचा नाही. तेव्हा खूप जणांना ते पचलं नाही, नंतर डीएनएने तेच सांगितलं. त्यांच्याच नावावरून सायनोडेल्फिस झालायी हे नाव २००३ मध्ये ठेवलं, सगळ्यात जुना पिशवीवाल्यांच्या बाजूचा प्राणी म्हणून, आणि २०१८ मध्ये नव्या जीवाश्माशी ताडून बघितल्यावर तो दुसऱ्या, वारेवाल्यांच्या बाजूला, इओमायाकडे गेला. म्हणून ज्या लेखात एका हाडावरून अख्खं घराणं ठरवलंय तिथे तारीख बघा आणि नंतर कोणी काय म्हटलं ते शोधा.

घरबसल्या सराव

मॉर्फोसोर्स नावाची साइट आहे, ड्यूक विद्यापीठाची, जगभरच्या संग्रहालयांतल्या हाडांचे थ्रीडी स्कॅन तिथे असतात आणि बरेच मोफत बघता येतात, मोबाईलवर जमतं पण लॅपटॉप बरा. ॲस्ट्रागॅलस किंवा टॅलस, दोन्ही नावांनी शोधा. पहिले काही दिवस जिवंत प्राणीच घ्या, कुत्रा, ससा, घोडा, माकड, आणि प्रत्येक वेळी वहीत चित्र काढून तीन गोष्टी लिहा, कप्पीची खाच किती खोल, खालचं डोकं गोल की कप्पी की सपाट, टाचेचं टोक किती लांब. डावं-उजवं ओळखायला कप्पी वर आणि डोकं पुढे करून धरा, बकरीत हे चालत नाही पण बहुतेक साध्या घोट्यात मान आतल्या बाजूला, अंगठ्याकडे झुकलेली असते.

हात बसला की पर्गटोरियस घ्या, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, माकडांच्या वंशाजवळचा. दशकानुदशकं फक्त दातांवरून माहीत होता आणि घोट्याची हाडं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीच्या संग्रहातल्या खोक्यांत पडून होती, २०१५ मध्ये ती ओळखली गेली. आकृत्या बघून चढणारा होता की जमिनीवरचा ते आधी स्वतः लिहा आणि मगच उत्तर वाचा.

येऊरला दगड फोडायला किंवा काही उचलून आणायला जाऊ नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काहीच आणायची परवानगी नाही. खार बघायला मात्र जरूर जा, पाऊस थांबल्यावर सकाळी आठच्या आत.